नाजूक भाग कोणाच्या पदरी? : प्रोसेसरच्या वाकलेल्या पिनांविषयी

जुन्या टेबलावरच्या संगणकातील प्रोसेसर उलटा करून पाहिला, तर त्याच्या तळाशी सोन्याचा मुलामा दिलेल्या शेकडो बारीक पिना ओळींनी उभ्या असलेल्या दिसतात. प्रोसेसर म्हणजे बोलताना ज्या उभ्या पेटीला ‘सीपीयू’ म्हटले जाते ती पेटी नव्हे, तर त्या पेटीतल्या मदरबोर्डवर बसणारा, साडेतीन ते पाच सेंटिमीटर बाजू असलेला चौरस तुकडा. त्याच्या पोटातील सिलिकॉनच्या चिपेचा बाहेरच्या जगाशी येणारा सारा संबंध या पिनांमार्फतच येतो. वीज त्यांच्यातूनच आत जाते आणि माहितीची ये-जाही त्यांच्यातूनच होते. त्यांतली एखादी पिन वाकून शेजारणीला टेकली किंवा सॉकेटच्या छिद्रात गेलीच नाही, तर एरवी धडधाकट असलेला संगणक सुरूच होत नाही, किंवा सुरू होऊनही चमत्कारिक वागू लागतो. या दोषाचे खापर सहसा हाताळणाऱ्याच्या निष्काळजीपणावर फोडले जाते आणि ते बऱ्याच अंशी खरेही असते. पण त्यामागे रचनेचा एक जुना पेचही आहे. काढता-घालता येणाऱ्या कोणत्याही जोडणीत एक बाजू नाजूक राहणारच, आणि ती महागड्या प्रोसेसरच्या पदरी टाकायची की तुलनेने स्वस्त मदरबोर्डच्या, याचा निर्णय उत्पादकांनी वेगवेगळ्या काळी वेगवेगळा घेतला आहे.

पिनांची ही गर्दी मुळात का झाली, हे प्रथम पाहिले पाहिजे. इंटेलच्या १९७८ मधील ८०८६ या प्रोसेसरला फक्त ४० पाय होते आणि ते लांबट काळ्या तुकड्याच्या दोन्ही कडांना दोन ओळींत बसवलेले असत. एवढ्या थोड्या पायांत काम भागवण्यासाठी रचनाकारांना काटकसर करावी लागली. स्मृतीतील जागेचा पत्ता सांगणारे संकेत आणि प्रत्यक्ष माहितीचे संकेत हे दोन्ही त्याच १६ पायांवरून आळीपाळीने पाठवले जात. पुढे एका वेळी १६ ऐवजी ३२ बिटांची देवाणघेवाण करणारे प्रोसेसर आले, तेव्हा ही काटकसर परवडेनाशी झाली. पाय केवळ कडांवर बसवायचे ठरवले, तर तुकड्याची बाजू दुप्पट केल्यावर पायांची संख्याही दुप्पटच होते. तेच पाय तळाच्या सबंध पृष्ठभागावर उभे केले, तर बाजू दुप्पट होताच ते चौपट मावतात. या साध्या हिशेबातून तळाला पिनांची जाळी असलेली रचना पुढे आली आणि ‘पिन ग्रिड अ‍ॅरे’ या नावाच्या आद्याक्षरांवरून ती ‘पीजीए’ म्हणून ओळखली जाऊ लागली. १९८५ च्या ८०३८६ मध्ये एका बाजूला १४ पिना मावतील अशा चौकोनाच्या बाहेरच्या तीन रांगा भरून १३२ पिना होत्या, तर १९८९ च्या ८०४८६ मध्ये १७ पिनांच्या बाजूचा चौकोन घेऊन तशाच तीन रांगांत १६८ पिना बसवल्या होत्या. २००० नंतरच्या पेंटियम ४ च्या प्रचलित आवृत्तीत त्या ४७८ झाल्या आणि एएमडीच्या एएम४ या सॉकेटसाठी बनलेल्या प्रोसेसरांत १३३१ पर्यंत गेल्या.

संख्या वाढली तरी तळाचा आकार त्या प्रमाणात वाढवणे शक्य नव्हते, म्हणून पिना जवळ आल्या आणि बारीक झाल्या. ८०४८६ मध्ये दोन पिनांच्या मध्यबिंदूंत २.५४ मिलिमीटरचे अंतर होते आणि पिनेची जाडी ०.४६ मिलिमीटरच्या आसपास होती. ४७८ पिनांच्या पेंटियम ४ मध्ये हे अंतर १.२७ मिलिमीटरवर आणि जाडी सुमारे ०.३ मिलिमीटरवर आली. हा फरक आकड्यांत किरकोळ वाटतो, पण गोल तारेची वाकण्याला विरोध करण्याची ताकद तिच्या व्यासाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे त्याच धातूची ०.३ मिलिमीटरची पिन ०.४६ मिलिमीटरच्या पिनेपेक्षा साधारण साडेतीन पटींनी दुबळी ठरते. नव्या पिना आखूडही केल्या गेल्याने या दुबळेपणाची थोडी भरपाई झाली, पूर्ण नाही.

पिन वाकण्याचे प्रसंग काळानुसार बदलत गेले. सुरुवातीच्या सॉकेटांमध्ये प्रत्येक पिन आपल्या छिद्रातील स्प्रिंगला घासत आत जात असे. एका पिनेला लागणारा जोर थोडका असला तरी १६८ पिनांचा मिळून तो कित्येक किलोंचा होई, आणि प्रोसेसर बाहेर काढताना स्क्रूड्रायव्हरसारखे काही तरी एका कडेखाली घालून तो उचकटावा लागे. एक कड वर आली आणि दुसरी अजून रुतलेली असली की मधल्या रांगा तिरक्या होत. यावर उपाय म्हणून बाजूला छोटी दांडी असलेले सॉकेट आले. दांडी उभी असताना छिद्रे सैल असतात आणि प्रोसेसर केवळ स्वतःच्या वजनाने खाली बसतो; दांडी आडवी करून खटक्यात अडकवली, की सॉकेटचा वरचा थर किंचित सरकून सगळ्या पिना एकदम पकडल्या जातात. बसवताना जोर शून्य लागतो म्हणून या जातीला ‘झिफ’, म्हणजे ‘झिरो इन्सर्शन फोर्स’ सॉकेट म्हणतात. या सॉकेटात प्रोसेसर अंगठ्याने दाबावा लागत असेल, तर एखादी पिन वाकलेली आहे किंवा दिशा चुकली आहे, असे खुशाल समजावे.

दिशेचा प्रश्न ८०४८६ च्या काळात तर फारच बिकट होता, कारण त्याची जाळी चारही बाजूंनी सारखी असल्याने तो चारही प्रकारे बसू शकत असे आणि चुकीच्या दिशेने बसवून वीज दिल्यास जळूनही जाई. नंतरच्या रचनांत कोपऱ्यावरची एखाद-दुसरी पिन गाळून आणि वर सोनेरी त्रिकोणाची खूण देऊन चुकीचा मार्ग बंद केला गेला. मात्र खुणेकडे न पाहता दाबणाऱ्याच्या हातून आता प्रोसेसर जळण्याऐवजी कोपऱ्यावरच्या पिना वाकू लागल्या. तोट्याच्या दृष्टीने पाहता ही सुधारणाच म्हणायची.

दांडीच्या सॉकेटने बसवण्याचा धोका मिटवला, पण उतरवण्याचा एक नवाच धोका शिल्लक ठेवला. प्रोसेसरच्या पाठीवर उष्णता वाहून नेणारा धातूचा ठोकळा, म्हणजे हीटसिंक, आणि त्यावर पंखा बसवलेला असतो. ठोकळा आणि प्रोसेसर यांच्यामध्ये हवा राहू नये म्हणून थर्मल पेस्टचा पातळ थर देतात. काही वर्षांत ही पेस्ट सुकते आणि गोंदासारखी चिकटते. धूळ साफ करण्यासाठी किंवा पंखा बदलण्यासाठी कोणी हीटसिंक सरळ वर ओढला, तर दांडी खाली असतानाही प्रोसेसर त्याच्या तळाला चिकटून सॉकेटमधून उपसला जातो आणि तो थोडा तिरका निघाला तरी कडेची रांगच्या रांग वाकते. पेंटियम ४ आणि एएमडीचे प्रोसेसर यांच्या बाबतीत पिना वाकण्याचे हे सर्वांत नेहमीचे कारण आहे. संगणक दहा-पंधरा मिनिटे चालवून पेस्ट कोमट होऊ द्यावी, मग तो बंद करून, वायर काढून, हीटसिंक उचलण्याआधी डावी-उजवीकडे हलकेच फिरवून सुटा करावा, एवढ्याने हा अपघात सहज टळतो. भारतात सुट्या भागांतून जुळवलेल्या, म्हणजे ‘असेंबल’ केलेल्या संगणकांचा वाटा दीर्घकाळ मोठा राहिला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत प्रोसेसर दुकानाच्या काउंटरवरच बसवला, काढला आणि बदलला जाई, त्यामुळे कारखान्यात एकदाच बसवलेल्या प्रोसेसरपेक्षा इथल्या पिनांना माणसाच्या हाताशी अधिक वेळा गाठ घालावी लागली. सुटा प्रोसेसर थर्मोकोलच्या तुकड्यात खोचून ठेवण्याची सवयही अशीच. त्याने पिना सरळ राहतात, पण थर्मोकोलवर स्थिर वीज साठते आणि तिचा झटका चिपेला बसू शकतो. या कामासाठी वीजवाहक काळा फोम मिळतो, तो वापरावा.

पिन वाकल्यावर नेमके काय बिघडते, हे ती पिन कोणती आहे यावर अवलंबून असते. पेंटियम ४ च्या ४७८ पिनांपैकी निम्म्याहून अधिक पिना कोणतीही माहिती वाहत नाहीत. काही वीज आत आणतात आणि बाकीच्या ती परत नेतात, म्हणजे ग्राउंडला जोडलेल्या असतात. याचे कारण हिशेबातून दिसते. ८०८६ पाच व्होल्टवर चाले. पेंटियम ४ सुमारे दीड व्होल्टवर चालतो आणि जोरात काम करताना ६० ते ८० वॅट वीज खातो. वॅटला व्होल्टने भागले की ४० ते ५० अँपिअरचा प्रवाह येतो. घरातल्या गीझरच्या जाड पिनांच्या प्लगची मर्यादा १६ अँपिअर असते, हे लक्षात घेतले तर ०.३ मिलिमीटरच्या एखाद्या पिनेला तो भार पेलणार नाही, म्हणून तो अनेक पिनांत वाटून द्यावा लागतो, हे उघड आहे. या वाटणीचा एक सुखद परिणाम असा, की ग्राउंडची एखादी पिन मोडून पडली तरी तिच्या शेजारणी तिचे काम उचलतात आणि संगणक बहुधा बिनतक्रार चालतो. याउलट वीज आणणारी पिन वाकून ग्राउंडच्या पिनेला टेकली तर सरळ शॉर्ट सर्किट होते. चांगल्या मदरबोर्डवरील वीजपुरवठ्याचे मंडल अशा वेळी स्वतःला बंद करून घेते, आणि ग्राहकाच्या तोंडी ‘पंखा जरासा फिरतो नि थांबतो’ अशी तक्रार येते.

माहिती वाहणाऱ्या पिनांना असा पर्याय नसतो. जुन्या रचनेत प्रोसेसर आणि मुख्य स्मृती यांच्यामध्ये मदरबोर्डवर वेगळी चिप असे. त्या मार्गातील एक पिन तुटली की प्रोसेसरला पहिली आज्ञाही धड वाचता येत नाही आणि दुरुस्तीवाल्यांच्या भाषेत ‘डिस्प्ले येत नाही’. एएमडीने २००३ मध्ये अ‍ॅथलॉन ६४ पासून स्मृतीचे नियंत्रण प्रोसेसरच्या आतच घेतले आणि लक्षणे बदलली. स्मृतीकडे जाणाऱ्या दोन स्वतंत्र मार्गांपैकी एकाचीच पिन वाकली असेल, तर संगणक सुरू होतो, पण बसवलेल्या रॅमपैकी निम्मीच दाखवतो. मालक रॅम बदलतो, मग मदरबोर्ड बदलतो, आणि दोष मात्र प्रोसेसरच्या पोटाखाली तसाच राहतो. आणखी फसवा प्रकार अर्धवट वाकलेल्या पिनेचा. ती सॉकेटमध्ये टेकते, पण घट्ट बसत नाही. संगणक तापला की धातू प्रसरण पावून संपर्क तुटतो आणि तासाभराने संगणक आपोआप बंद पडतो किंवा पुन्हा सुरू होतो. असा दोष विषाणूच्या किंवा विंडोजच्या माथी मारला जाणे अगदी स्वाभाविक आहे.

काही पिना संख्येने थोड्या, पण अधिकाराने मोठ्या असतात. आपल्याला किती व्होल्टेज हवे हे प्रोसेसर मदरबोर्डला या पिनांमार्फत कळवतो. प्रत्येक पिन एक तर ग्राउंडला जोडलेली असते किंवा मोकळी असते. अशा पाच पिनांच्या मिळून ३२ जुळण्या होतात आणि प्रत्येक जुळणीचा अर्थ एक ठराविक व्होल्टेज असा असतो. यांतली एखादी तुटली, तर मदरबोर्ड ती मोकळीच आहे असे समजून चुकीचे व्होल्टेज देऊ शकतो. याच गुणाचा फायदा घेऊन २००० नंतरच्या काही वर्षांत एएमडीचे प्रोसेसर ठरलेल्यापेक्षा वेगाने पळवण्याची हौस असलेले लोक सॉकेटच्या दोन छिद्रांत केसाएवढी तांब्याची तार मुद्दाम घालून व्होल्टेज वाढवत असत. दोष आणि युक्ती यांच्यात कधी कधी एका तारेचेच अंतर असते.

वाकलेली पिन सरळ करणे हे काम भिंग, भरपूर उजेड आणि सवड असेल तर साध्या माणसालाही जमण्यासारखे आहे. प्रथम हात धातूच्या पेटीला लावून अंगावरची स्थिर वीज काढून टाकावी, प्रोसेसर कडांना धरून डोळ्यांच्या पातळीवर आणावा आणि रांगांच्या रेषेत पाहावे. सरळ रांगेत पुढच्या पिनेमागे बाकीच्या लपतात, वाकलेली मात्र बाजूला डोकावते. हीच तपासणी आडव्या, उभ्या आणि दोन्ही तिरक्या दिशांनी करावी लागते, कारण एका दिशेने वाकलेली पिन त्याच दिशेने पाहिल्यास सरळच भासते. थोड्या कललेल्या रांगेसाठी एटीएम कार्डाची कड पुरते. कार्डाची जाडी सुमारे ०.७६ मिलिमीटर असते आणि १.२७ मिलिमीटरच्या जाळीतून पिनेची जाडी वजा केली तरी ते दोन रांगांमधून जाते. एएम४ मध्ये मात्र पिनांचे अंतरच १ मिलिमीटर असल्याने तिथे कार्ड अडते आणि दाढीच्या ब्लेडचा आधार घ्यावा लागतो. एकटी-दुकटी अधिक वाकलेली पिन असेल, तर खटका दाबून शिसे पुढे सरकवायच्या पेन्सिलीतले शिसे काढून टाकतात. तिच्या टोकाची पोकळ नळी पिनेवर पार बुडापर्यंत उतरवतात आणि मग पेन्सिल हळूहळू उभी करतात. बुडापर्यंत हा शब्द इथे महत्त्वाचा, कारण पिन वरच्या टोकाला धरून ओढली तर ती मध्येच आणखी एक वळण घेते आणि एका बाकाचे दोन बाक होतात.

या कामाची मर्यादा धातूच्या स्वभावात आहे. पिन थोडी ढकलून सोडली तर ती मूळ जागी परत येते. एका मर्यादेपलीकडे गेली की तिथेच राहते आणि त्या वेळी तिच्या अंतर्गत स्फटिकांची रचना सरकून तो भाग अधिक कडक आणि ठिसूळ बनतो. सरळ करताना हेच पुन्हा घडते. म्हणून पिन एकदा वाकून एकदा सरळ झाली तर सहसा टिकते, पण ती थोडी जास्त ढकलली गेली म्हणून मागे, पुन्हा पुढे, पुन्हा मागे असे चालू राहिले तर बुडाशी तडा जातो. पूर्ण आडवी झोपलेली पिन एका दमात उभी करू नये; थोडी उचलून शेजारच्या पिनांशी ताडून पाहावी, मग आणखी थोडी उचलावी. जुन्या चिनी मातीच्या तळाच्या प्रोसेसरांत पिना लोखंड, निकेल आणि कोबाल्ट यांच्या कोव्हार नावाच्या मिश्रधातूच्या असून त्या चांदी-तांब्याच्या कडक डाखाने जोडलेल्या असतात. तापल्यावर हा धातू जवळजवळ चिनी मातीइतकाच प्रसरण पावतो, म्हणून त्याची निवड होते. नंतरच्या काचतंतू आणि राळेच्या थरांच्या तळावर तांब्याच्या मिश्रधातूच्या पिना मऊ डाखाने बसवल्या जातात. त्या वळवायला सोप्या, पण जोर लागला तर पिनेऐवजी तिचा पायाच तळावरून उखडतो.

पिन मोडलीच, तर ती कोणती हे उत्पादकाने प्रसिद्ध केलेल्या आकृतीवरून आधी शोधावे. ग्राउंडची असेल तर प्रोसेसर तसाच बसवून पाहण्यात फारसा धोका नाही. महत्त्वाची असेल, तर काही कारागीर त्याच जातीच्या मेलेल्या प्रोसेसरची पिन काढून ती सूक्ष्मदर्शकाखाली डाख देऊन बसवतात. काही जण सॉकेटच्या त्या एका छिद्रात योग्य लांबीची तार उभी करून प्रोसेसरच्या बुडाशी उरलेल्या ठिपक्याला टेकवतात. दुसरी युक्ती चालते खरी, पण प्रोसेसर पुन्हा उचलला की ती तार कुठे पडेल याचा नेम नसतो.

हा सारा खटाटोप प्रोसेसरच्या मालकाच्या वाट्याला येत होता, तो इंटेलने २००४ मध्ये मदरबोर्डच्या वाट्याला दिला. एलजीए ७७५ या सॉकेटात प्रोसेसरच्या तळाला पिना राहिल्याच नाहीत, फक्त ७७५ सपाट सोनेरी ठिपके राहिले. बारीक, वाकड्या, स्प्रिंगसारख्या पिना सॉकेटमध्ये गेल्या आणि वरून धातूची चौकट प्रोसेसरला दाबून धरू लागली. विजेचा मार्ग आखूड झाला, दाटी वाढवता आली, आणि चौकटीमुळे हीटसिंकला चिकटून प्रोसेसर उपसला जाण्याचा प्रकारही संपला. मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपन्यांसाठी मात्र हा नवा जाच ठरला, कारण प्रोसेसर हातातून निसटून सॉकेटवर पडला की आता त्यांचा माल बिघडे आणि हमीच्या मुदतीत परत आलेला बोर्ड कोणी वाकवला यावर वाद होई. म्हणूनच सॉकेटवरचे प्लॅस्टिकचे झाकण जपून ठेवा आणि बोर्ड परत करताना ते लावा, अशी ताकीद आजही दिली जाते. एएमडीने सर्व्हरसाठीच्या प्रोसेसरांत ही पद्धत २००६ मध्येच स्वीकारली, पण घरगुती संगणकांत पिना २०२२ च्या एएम५ पर्यंत प्रोसेसरवरच ठेवल्या. दुरुस्तीच्या बाजूने पाहिले तर जुनी पद्धत माणसाला अधिक सवलत देणारी होती, असे म्हणावे लागते. उभी पिन सरळ आहे की नाही हे डोळा ओळखतो. सॉकेटमधला स्प्रिंगचा संपर्क मुळातच वाकडा आणि तिरका असल्याने त्याचा योग्य बाक कोणता हे शेजारच्या संपर्कावर पडणाऱ्या उजेडाच्या चकाकीवरून ताडावे लागते, आणि तिथे पेन्सिलीच्या नळीचा उपयोग नसतो.

पिनांच्या प्रोसेसरांचे आजचे आयुष्य दोन बाजारांत विभागले गेले आहे. एकीकडे जुने संगणक जतन करणारे हौशी आहेत, जे विकत घेण्याआधी तळाचे छायाचित्र मागतात. दुसरीकडे भंगाराचा व्यापार आहे, जिथे चिनी मातीचे जुने प्रोसेसर सोन्यासाठी किलोवर घेतले जातात. १९९५ चा ३८७ पिनांचा पेंटियम प्रो या व्यापारात विशेष मागणीचा, कारण त्याच्यात सोन्याचे प्रमाण भरपूर आहे. भंगारात पिना सरळ ठेवण्याचे कोणालाच कारण नसते. प्रोसेसर पोत्यात एकावर एक ओतले जातात, आणि तिथून सोडवून आणलेल्या ८०४८६ वर काम करणाऱ्याला आधी कोपऱ्यांकडेच वळावे लागते, कारण पोत्यातला पहिला मार कोपऱ्यांवरच्या पिना खातात.